वाट पाहण्याची मुदत

पहाटे चारला मेल: तिसरी डिस्क बाद.
कॅर्डलाच्या संग्रहालयाचं तळघर, बाहेर उणे अकरा.
पडद्यावर चार जागा; तीन ठिकाणी अक्षर,
तिसरीत नुसती आडवी रेघ,
हजेरीपटावर न आलेल्या मुलापुढे मारतात तशी.

मेलेली नव्हती ती.
हात लावला, कोमट होती, फिरत होती.
एका सेक्टरपाशी अडली होती फक्त,
चार हजार शहाण्णव बाइट,
पापणी लवते तेवढाही आवाज त्यात मावत नाही.
साठ सालच्या टेपेवरचा कुणी कोळी
हेरिंगच्या जाळ्याबद्दल काहीतरी सांगतोय,
त्यातल्या एका अक्षराची कड असेल.

घरगुती वापराची, स्वस्तातली डिस्क.
मीच घेतलेली, अनुदान कापलं त्या वर्षी.
अशा डिस्का मानी असतात.
येत नाही म्हणून म्हणायच्या नाहीत.
डोकं जरा सरकवायचं, पुन्हा वाचायचं,
पुन्हा सरकवायचं, दोन-दोन मिनिटं.
आणि कर्नल थांबतो तीस सेकंद.
मग हाक मारतो, मग दार वाजवतो,
मग वहीत लिहून टाकतो: प्रतिसाद नाही.

तिनं एवढंच म्हणायला हवं होतं,
मला हे वाचता येत नाही.
उरलेल्या तिघींनी तिथल्या तिथे हिशोब केला असता
(सम की विषम, एवढंच तर विचारायचं असतं एकमेकींना)
आणि हरवलेलं तिच्याच हातात परत दिलं असतं.
तिनं ते राखीव जागेत लिहून ठेवलं असतं.
कुणाला कळलंही नसतं.

काल रात्री जेवताना
बाबांनी लोण्याच्या सुरीकडे बोट केलं.
"ती... ती..."
हेल्टरमाच्या फेरीबोटीवर सदतीस वर्षं इंजिन सांभाळलेला माणूस,
ऑक्टोबरपासून शब्द त्याच्याकडे उशिरा येतात.
आईनं सुरी पुढे केली, घ्या.
मी म्हटलं, सुरी.
लाइने आत्या म्हणाली, लोणी हवंय त्याला.
तिघींनी मिळून हिशोब पुरा केला.
बाबांनी सुरी घेतली नाही.
बशीतल्या माशाच्या काट्याकडे बघत राहिले.

तळघरात मी चौघींना सांगितलं: सात सेकंद.
तेवढ्यात जमलं नाही तर सरळ सांगून मोकळ्या व्हा.
दोघींनी ऐकलं.
दोघी म्हणाल्या, ही सोय आमच्यात नाही.
मग त्या दोघींसाठी कर्नलला सांगितलं,
तीस नाही, एकशे ऐंशी.
दोन ओळींचं काम.
पण मशीन बंद झालं की ते विसरतं,
दर वेळी उठलं की नव्यानं सांगावं लागतं.

तिसरीला परत आत घेतलं.
तपासणी लावली, पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत,
आणि हीटरवर मोजे वाळत घालून बसले.
सहा वाजून वीस मिनिटांनी ती त्याच जागी आली.
अडली. मी मोजत होते.
लॉगमध्ये एक ओळ: वाचता आलं नाही.
खाली दुसरी: दुरुस्त केलं.
रेघेच्या जागी अक्षर तर केव्हाच आलं होतं.

घरी पोचले तेव्हा आई राईच्या पावाचे तुकडे करत होती.
बाबांचं बोट पुन्हा सुरीकडे.
"ती..."
मी टेबलाखाली आईचा गुडघा दाबला.
सात झाले.
आत्याचे ओठ हलले, मी तिच्याकडे पाहिलं.
तीस झाले. किटली उकळून आपोआप बंद झाली.
रस्त्यावरून बर्फ ओढणारी गाडी गेली, वळून परत आली.
आईनं पावाचा तुकडा हातातच धरला होता.
पुढे मी मोजायची विसरले.

"काडाकास," बाबा म्हणाले.

जुनिपर. सुरीचं नाही, लाकडाचं नाव.
त्यांनीच घडवली होती ती, माझ्या जन्माच्या आधी,
कुंपणाजवळच्या वाळल्या झुडपातून.
सुरी उचलून त्यांनी नाकाशी नेली,
मग आईच्या.